बैलाच्या कष्टाचं नको

आमच्या घरी सणवार करणं हे आईचं काम होतं आणि त्यांतल्या विसंगती दाखवणं हे बाबांचं. दोघंही आपापलं काम मन लावून करत, त्यामुळे वर्षभर घर कसं जागं असे. भाईंदरला केबिन रोडच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आमची वन रूम किचनची जागा होती. मुंबईतल्या चाळीतून इकडे आल्यावर आईला सगळ्यात जास्त कौतुक होतं ते स्वतःच्या ओट्याचं आणि स्वतःच्या नळाचं. त्या ओट्यापाशी उभी राहून ती ऑफिसला जाण्याआधी दोन भाज्या, पोळ्या आणि देवपूजा एका दमात उरकत असे. कुकरची शिट्टी झाली की घंटा, घंटा झाली की पुढची शिट्टी. शेजारच्या हंसाबेनकडे त्याच वेळी आरत्यांची कॅसेट मोठ्याने लागलेली असे आणि खालून भाजीवाल्यांची ओरड येत असे. पूर्ण शांततेत देवासमोर बसलं की मला आजही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, म्हणून मी बसत नाही.

आई फार व्रतं करणारी नव्हती. नोकरी करणाऱ्या बाईला उपास परवडत नाहीत, असं तिचं स्पष्ट मत. सोमवार तिने सोडला, संकष्टी सोडली, आणि हरतालिका तर ‘नवरा मिळाला, आता काय मागायचंय’ म्हणून लग्नानंतर लगेच सोडली. एक ऋषिपंचमी तेवढी तिने घट्ट धरून ठेवली होती. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हे व्रत येतं. सकाळी आघाड्याच्या काडीने दात घासायचे, पाटावर सात ऋषींच्या सात सुपाऱ्या आणि शेजारी अरुंधतीची एक मांडायची, पूजा करायची, कहाणी वाचायची आणि दिवसातून एकदाच जेवायचं. जेवणाचा नियम असा की त्यात बैलाचे कष्ट नसावेत. नांगरलेल्या शेतातलं काहीच चालत नाही. म्हणजे गहू गेला, तांदूळ गेला, डाळ गेली, तेलही गेलं. राहिली ती हाताने खणून लावलेली किंवा आपली आपण उगवलेली भाजी: अळू, भेंडी, लाल माठ, पडवळ, शिराळं, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. सगळं एका पातेल्यात, फोडणीशिवाय शिजवायचं, चिंचेचा कोळ आणि वरून भरपूर ओलं खोबरं. ही ऋषीची भाजी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना ती आजाऱ्याचं जेवण वाटते. ज्यांनी खाल्ली आहे ते दुसऱ्यांदा वाढून घेतात. माझा आता जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात दिवसभर फोडण्या चालू असतात. तरी सांगते, त्या बिनफोडणीच्या भाजीइतका ज्या त्या भाजीचा स्वतःचा वास मला दुसऱ्या कशात सापडलेला नाही.

कॉलेजात गेल्यावर मी या व्रताची पोथी नीट वाचली आणि आईशी भांडले. कारण बायकांकडून पाळीच्या दिवसांत कळत-नकळत जी शिवाशिव होते, तिचा दोष जावा म्हणून हे व्रत करायचं, असं त्यात लिहिलं होतं.

“तू काय पाप केलंयस म्हणून हे करतेस?” मी विचारलं.

“ते पान मी वाचतच नाही. उलटते,” आई कणीक मळता मळता म्हणाली.

“मग व्रत कशासाठी करतेस?”

“बैलासाठी. वर्षभर आपण कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर बसून जेवतो. एक दिवस खाली उतरायचं. आता ते पीठ दे इकडे.”

मी पीठ दिलं. आई धर्माविषयी एवढंच बोलायची. एका वाक्यात अर्थ सांगायची आणि लगेच काहीतरी काम द्यायची.

अडचण अशी होती की भाजी विकत आणायची तर केबिन रोडवरूनच. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी तिथे गाड्यांवर ऋषीच्या भाजीचे तयार वाटे लागतात. एका वर्षी आईला काय वाटलं कोण जाणे, तिने गाडीवाल्याला सरळ विचारलं, “भैया, इसमें बैल का तो कुछ नहीं है ना?”

तो बिचारा दचकला. “माताजी, भेंडी है, सूरन है. एकदम शुद्ध शाकाहारी.”

“वो नहीं. बैल ने खेत में काम किया है क्या?”

“नहीं नहीं,” तो ठामपणे म्हणाला, “बैल कहाँ? नाशिक से टेम्पो में आया है.”

मी हसून हसून बेजार झाले. आई हसली नाही. घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “आपण फसवतोय. आणि तेही कोणाला, तर ऋषींना.” बाबा एका कंपनीत अकाउंट्समध्ये होते. त्यांनी पेपर खाली केला आणि हा प्रश्न कायमचा मिटवायचं ठरवलं. म्हणाले, “सुलभा, हल्ली शेत नांगरतो ट्रॅक्टर. बैलाचे कष्ट शून्य. म्हणजे तू रोजचा वरणभात खाऊनसुद्धा ऋषिपंचमी करू शकतेस. ट्रॅक्टरचा शोध लागला तेव्हाच हे व्रत सोपं झालं.” आईने त्यांच्याकडे पाहिलं. “आणि ट्रॅक्टर चालवणारा माणूस? तो काय आपोआप उगवतो?” बाबांनी पेपर वर केला.

त्या वर्षी तिने ती भाजी खाल्ली, पण जेवताना चेहरा असा की कोणीतरी भेसळीचं दूध दिलंय. पुढच्या वर्षी व्रताचं उद्यापन करायचं होतं, म्हणजे रीतसर सांगता. तेव्हा स्वतःच्या हाताने पिकवलेलीच भाजी खायची, नाहीतर दिवसभर पाण्यावर राहायचं, असं तिने जाहीर केलं. जाहीर म्हणजे खरंच जाहीर. जिन्यात, ऑफिसात, दादरला मोठ्या काकूंकडे, सगळीकडे सांगून झालं. हंसाबेन तर खूश झाल्या. त्यांच्यात याच दिवसाला सामा पाचम म्हणतात, त्याही नांगराचं खात नाहीत. “सुलभाबेन, तुम उगाओ, हम सब बहनें खाने आएँगी,” असं त्यांनी स्वतःच स्वतःला आमंत्रण दिलं आणि मजल्यावरच्या आणखी तिघीचौघींनाही देऊन टाकलं.

पिकवायचं कुठे, हे आईच्या ऑफिसातल्या फिलोमिना आंटीने सोडवलं. तिचं टेबल आईच्या शेजारी. ती तारोडीची, उत्तनच्या पुढे त्यांचं घर, मागे वाडी आणि भाताची दोन खाचरं. “विहिरीजवळ एक तुकडा रिकामा पडलाय. घे तुला पाहिजे तेवढं,” ती म्हणाली. आईने तिला इतकंच सांगितलं की पूजेसाठी स्वतः लावलेली भाजी हवी आहे. बैलाचं सांगितलं नाही. का नाही, हे मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “जागा फुकट घ्यायची आणि वर अटी सांगायच्या?” तिच्या या कमी बोलण्यातूनच पुढचं सगळं झालं.

मग दर रविवारी आम्ही दोघी भाईंदर पश्चिमेहून बसने तारोडीला जाऊ लागलो. मला तेव्हा रविवारी झोपायचं असे. पहिल्या रविवारी कुदळ हातात घेतली तर जमीन दगडासारखी. वाडीला कडेने दगडांचं बुटकं कुंपण होतं, त्याच्या पायथ्याशी हातभर रुंदीची एक पट्टी आम्ही दुपारपर्यंत कशीबशी खणली. आईच्या तळहातांना फोड आले, माझी कंबर गेली. फिलोमिना आंटीची सासू, तिला सगळे मोठी माय म्हणत, पायरीवर सुकटीची टोपली घेऊन बसलेली होती. ती आमच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, “या दोगी काय कबर खनतंय काय गो?” फिलोमिना आंटीचा नवरा, पास्कल अंकल, खाली मान घालून हसला. तो फार बोलत नसे.

पुढच्या रविवारी गेलो तर सगळा तुकडा भुसभुशीत. मधल्या दिवसांत पाऊस झाला होता. आई वाकून माती हातात घेऊन म्हणाली, “बघ, एका पावसाने केवढा फरक पडतो.” आम्ही शहरातल्या. आम्हाला ते पटलं. त्या दिवशी पास्कल अंकल पुन्हा हसला, तेही आम्हाला त्याच्या स्वभावाचाच भाग वाटलं. आम्ही वाफे केले, भेंडी, माठ, मका लावला, कुंपणाशी पडवळ आणि शिराळी टोचली, विहिरीच्या सांडपाण्यावर अळू होतंच. सुरण एका मोसमात होत नाही, पण कुंपणाबाहेर आपसूक उगवलेला एक लहानसा कंद फिलोमिना आंटीने आमच्या नावाने राखून ठेवला. पावसाळाभर आम्ही गेलो, तण काढलं, खुरपलं. मोठी माय पायरीवरून शेरे मारायची आणि परतताना हातावर गरम चहा आणि तांदळाची भाकरी ठेवायची. मला रविवारची झोप मिळाली नाही, पण भाकरी मिळाली. हा सौदा वाईट नव्हता.

ऋषिपंचमीच्या सकाळी आम्ही पहिल्या बसने भाजी काढायला गेलो. आईने आंघोळ करून पाणीसुद्धा घोटभरच घेतलं होतं. वाडी नुसती भरली होती. लाल माठ तर इतका की काय सांगू. आई खरोखर आनंदली होती, आणि तिचा आनंद दिसण्यात दिसायचा नाही, वेगात दिसायचा. भराभर भेंड्या खुडत होती. फिलोमिना आंटी पिशवी धरून उभी. तेवढ्यात मोठी माय पायरीवरून म्हणाली, “यंदा माल चांगला झाला. होनारच. पास्कलनं दोन येळा नांगर फिरवलान. न्हायतर तुमच्यानं काय होत व्हतं?”

आईचा हात भेंडीवर थांबला.

“नांगर?” ती म्हणाली.

पास्कल अंकल लाजला. “त्या पयल्या रव्वारी तुमचे हात पायले ना, वयनी. मग भातात बैल न्यायचेच होते, तर जाताजाता इथं पन फिरवले. सांगितला न्हाय. म्हटला, तुमाला बरा वाटंल.”

त्याने केलं होतं ते प्रेमाने. आणि नेमकं तेच, एवढं एकच, चालणार नव्हतं. मी आईकडे बघत होते. घरी पाट मांडलेला, दुपारी हंसाबेन आणि बाकीच्या येणार, सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि आई शब्दाला इतकी पक्की की बैलाचं म्हणून हातात घेतलेली भेंडी ती खाणार नाही, पाण्यावर राहील, हे मला माहीत होतं. पण ‘हे मला चालत नाही’ असं त्या माणसाला तोंडावर सांगायचं कसं? त्याच्याच वाडीत, त्याच्याच विहिरीच्या पाण्यावर वाढलेली भाजी टाकून?

आईने पिशवी उचलली आणि कुंपणापाशी गेली. पहिल्या रविवारी हाताने खणलेली पट्टी. तिथे नांगर पोहोचूच शकत नाही, बैलाला कुंपणाशी वळता येत नाही. तिथलं एक पडवळ, तीन-चार शिराळी, थोडा माठ. वर विहिरीचं थोडं अळू आणि तो सुरणाचा कंद. बस. मी हळूच म्हटलं, “आई, एवढ्यात एकटीचं होईल. पंगतीला चमचा-चमचा पण येणार नाही.”

“कळतंय मला.”

काहीतरी बिनसलंय हे पास्कल अंकलच्याही लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. फिलोमिना आंटी आईच्या जवळ येऊन म्हणाली, “सुलभा, काय झालं? सरळ सांग ना. ऑफिसात साहेबाला सांगतेस, मला सांगायला काय होतं?”

तेव्हा आईने सांगितलं. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नियम आहे. का, तर कहाणी अशी. एका ब्राह्मणाचे आईबाप मेल्यावर त्याच्याच घरी जन्माला आले, आई कुत्री झाली आणि बाप बैल. बापाच्याच श्राद्धाच्या दिवशी मुलाने त्या बैलाला तोंड बांधून दिवसभर नांगराला जुंपलं, खायला काही दिलं नाही. रात्री बैल कुत्रीला सांगत होता, मी आज उपाशी आहे. मुलाने ते ऐकलं आणि ऋषींकडे धावला. तेव्हा ऋषींनी हे व्रत सांगितलं. आईने हे सगळं ऑफिसातला निरोप सांगावा तसं सांगितलं, पण सांगता सांगता शेवटाला तिचा आवाज मंदावला. दर वर्षी वाचलेली गोष्ट होती, पण दुसऱ्या कोणाला तोंडी सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

ती एकदम पास्कल अंकलकडे वळली. “नांगर फिरवलात त्या दिवशी बैलांना खायला घातलं होतंत?”

पास्कल अंकलला प्रश्नच कळला नाही. उत्तर दिलं मोठ्या मायने, आणि भयंकर चिडून. “म्हंजे काय? बैलाला उपाशी ठेवून कोन नांगरतो गो? आमच्या घरात आदी त्यांचा पेंडा, मग आमचा चा! तो कोन तुमचा बामन, बापाचा तोंड बांधतो! आमी काय तसले हाव?”

“नाही,” आई म्हणाली. “तुम्ही तसले नाही.”

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “त्या बैलाची तक्रार नांगराची नव्हती. उपाशी ठेवल्याची होती.” हे ती कोणाला म्हणाली ते मला कळलं नाही, पण लगेच तिने साडीचा पदर कमरेला खोचला. “फिलोमिना, मोठी पिशवी आहे का? ही पुरायची नाही.” आणि ती पुन्हा भेंडीच्या वाफ्यात शिरली.

बैलांची नावं मात्र तिने निघताना विचारून घेतली. एकाचं कॅप्टन, दुसऱ्याचं सोन्या. पूजेच्या वेळी सुपाऱ्यांपुढे हात जोडून ती काहीतरी पुटपुटली. मला दोन्ही नावं ऐकू आली. ऋषींना त्यांत गैर वाटलं असेल असं मला वाटत नाही, त्यांच्या आश्रमात जनावरंच जास्त असणार.

पंगत जोरात झाली. हंसाबेनने घरून सामाचा, म्हणजे आपल्या वरीचा, भात आणला होता. आईने भाजीची सगळी हकीकत बायकांना सांगितली, लपवाछपवी तिला जमतच नसे. दोघी जरा बिचकल्या, ताटातल्या भेंडीकडे बघत राहिल्या. हंसाबेनने मात्र पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अरे, बैल ने खाया, पास्कलभाई ने खाया, अब हम भूखे क्यों रहें?” मग सगळ्याच जेवल्या. बाबांना व्रत नव्हतं, पण त्यांनीही दोन वाट्या भाजी खाल्ली आणि मग तोंड पुसून म्हणाले, “म्हणजे तू पोथीचा अर्थच बदललास.”

“बदलला नाही,” आई म्हणाली. “शेवटपर्यंत वाचला.”

आज विचार करते तेव्हा वाटतं, आईने त्या दिवशी नियम मोडला की पाळला, हे एखाद्या शास्त्रीबुवाला विचारलं तर तो मोडलाच म्हणेल. मी विचारलेलं नाही. मी स्वतः हे व्रत करत नाही. पण माझ्या डब्यांच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायका आधी जेवतात, मग डबे भरले जातात. नव्या येणाऱ्या बाईला याचं आश्चर्य वाटतं. कारण सांगायला माझ्याकडे वेळ नसतो.

त्या दिवसाचा शेवट मात्र माझ्या वाट्याला आला. पातेल्यातली मिरची-मीठ घालण्याआधीची भाजी आईने दोन मोठ्या डब्यांत काढून ठेवली होती, वर खोबरं भुरभुरलेलं. दुपारी बायका गेल्यावर तिने ते डबे माझ्या हातात दिले.

“हे काय?”

“कॅप्टन आणि सोन्याचं. थंड व्हायच्या आत ने.”

“आई, मी एकोणीस वर्षांची आहे. मी बसमध्ये बैलाचा डबा घेऊन बसू?”

“मग काय, बैलाला इकडे बोलावू? लिफ्ट नाही आपल्याकडे.”

मी गेले. बसमध्ये शेजारच्या बाईने वासावरून विचारलं, ऋषीची भाजी का, कोणाला चाललीस द्यायला? मी म्हटलं, ओळखीच्यांना. तारोडीला पोहोचले तेव्हा पास्कल अंकल गोठ्यातच होता. मी काही बोलायच्या आत त्याने डबे पाहिले आणि घमेलं पुढे केलं. आम्ही दोन घमेल्यांत भाजी ओतली. कॅप्टनने मान खाली घातली ती घमेलं रिकामं झाल्यावरच वर काढली. सोन्या वेगळ्या स्वभावाचा. त्याने आधी मका खाल्ला, मग माठ, मग भेंडी, आणि सुरणाची एकेक फोड जिभेने बाजूला सारत घमेल्याच्या कडेला रांगेत लावून ठेवली.

“बग,” मोठी माय पायरीवरून ओरडली, “तुज्या आयला जाऊन सांग. म्हनावं, बैलाला सुरन चालत न्हाय!”